नव्या शिक्षकांनी आणि पालकांनी काय वाचावं? शिक्षण, भाषा, तंत्रज्ञान आणि जग

मीनल_परळ
नमस्कार मंडळी. परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सतरा वर्षं शिकवते आहे. यंदा तिसरीचा वर्ग, पट एकोणतीस. जूनपासून आम्ही आठ जणी आणि दोन गुरुजी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दादरला एका मैत्रिणीच्या घरी जमतो आणि एक पुस्तक मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं अशासाठी, की 'घरी वाचून या' म्हटलं की घर, स्वयंपाक आणि लोकलमध्ये ते राहूनच जातं. आता दोन पालकही यायला लागलेत. पुढच्या वर्षभरासाठी पुस्तकं ठरवायची आहेत.

पुस्तकांच्या याद्या मला पुष्कळ मिळतात. चाळीस-पन्नास नावं, एकाखाली एक. त्यातलं कुठलं पुस्तक वाचून कुणाच्या वर्गात काय बदललं, हे मात्र त्यात नसतं. म्हणून विनंती अशी, की थोडीच पुस्तकं सुचवा, पण त्यांनी तुमच्याकडून काय करवून घेतलं ते लिहा. सुरुवात मी करते.

सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत. शाळेतल्या वाचनपुस्तकातली घरं, आईबाप, खेळणी यांतलं काहीच त्या मुलांच्या ओळखीचं नव्हतं. बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायला सुरुवात केली, तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द पुठ्ठ्याच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या सतरंजीवर ओतायच्या आणि ज्यानं त्यानं आपापली शोधायची. मुलाला जी ओळखता आली नाही ती काढून टाकायची, कारण तो शब्द मुळात त्याचा नव्हताच. 'टीचर' हे त्यांचं पुस्तक १९६३ चं. मराठीत अनुवाद आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा दुसरी पार करून आला तरी 'नळ', 'जग', 'बघ' यांच्यापुढे सरकत नव्हता. पुस्तक वाचल्यावर मी त्याला शब्द विचारला. तो म्हणाला, 'ट्रान्झिट'. त्यांची चाळ पाडली, घर ट्रान्झिट कॅम्पात गेलं आणि जागा पुरेना म्हणून आजी गावाला गेली. माझ्या पोटात गोळा आला. एका शब्दात दोन जोडाक्षरं, ह्याला कसं झेपायचं? तरी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी एकोणतीस पट्ट्यांतून त्यानं तीच उचलली, जराही न घुटमळता. आठवडाभरात 'आजी', 'कुलूप', 'सायन' यायला लागलं. सगळी मुलं अशीच शिकतात असं मी म्हणणार नाही. वर्गातल्या दोघींना याचा फारसा उपयोग झाला नाही, त्यांना अक्षरगट घेऊन पायरीपायरीनंच न्यावं लागलं. पण लहान शब्द म्हणजे सोपा शब्द, ही माझी सतरा वर्षांची समजूत त्या दिवशी गेली.

मथळ्यात चार विषय आहेत, कारण वर्गात ते वेगळे होऊन येत नाहीत. माझ्या एकाच बाकावर घरी भोजपुरी बोलणारी मुलगी, मामा कतारला असलेला मुलगा आणि रात्री अकरापर्यंत बापाच्या फोनवर व्हिडिओ बघणारा त्याचा दोस्त बसतात. मला ह्या तिघांसाठी वाचायचं आहे.

खिडकीपाशी
वाचनखूण साठवली. मीनलताई, 'टीचर' दुकानात मिळतं का?

मीनल_परळ
मला दादरला दुकानात सांगून मागवावं लागलं. आठ दिवसांत आलं.

जुनी_पानं
मीनल, धागा उत्तम काढलास. मी निवृत्त ग्रंथपाल. बत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, त्यातली डी.एड.ची मुलं ठरावीक गाइडं मागायची तेव्हा मी सोबत हळूच एक पातळसं पुस्तक त्यांच्या हातात सरकवायचो. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, मराठीतही आहे.

गिजुभाई वकील होते. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गेले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. 'दिवास्वप्न'मध्ये लक्ष्मीराम नावाचा एक मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे हट्ट धरून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. नव्या शिक्षकाला मी एवढंच सांगायचो, की पहिला दिवस नीट वाच. लक्ष्मीराम मोठ्या तयारीनं शांततेचा खेळ घेऊन जातो. खिडक्या लावतो, मुलांना डोळे मिटायला सांगतो, आणि वर्गात असा गोंधळ उडतो की त्याला पोरांना घरी सोडून द्यावं लागतं. रात्री तो विचार करतो, दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग त्याच्या हाताशी येतो. पुस्तक लिहिणारा माणूस नामवंत शिक्षणतज्ज्ञ, आणि पुस्तकाची सुरुवात तो फजितीनं करतो. जून महिन्यात वर्गावर जाऊन रडवेल्या झालेल्या किती तरी मुली माझ्याकडे हे पुस्तक परत करायला आल्या तेव्हा वेगळ्याच चेहऱ्यानं आल्या.

दुसरं आपल्या अंगणातलं. ताराबाई मोडक मूळ मुंबईच्या, भावनगरला गिजुभाईंच्या सोबत काम केलं, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण एकाच्या मागे गुरं आणि दुसरीच्या कडेवर धाकटं भावंड. तेव्हा ह्या दोघींनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द त्यांच्याच कामातून आला. अनुताईंचं 'कोसबादच्या टेकडीवरून' वाचा. आणि वाचून झालं की एका रविवारी डहाणू लोकल पकडून जाऊन या, टेकडी तिथेच आहे.

अवांतर होईल, पण महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन समग्र वाङ्मयात आहे, तेही ह्या मंडळात एकदा वाचाच. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेतीचं ज्ञान, आरोग्य, असा अभ्यासक्रमही त्यांनी मांडून दिला आहे. आपला शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. मधली वर्षं मोजा. मी मोजली तेव्हा मला रात्री झोप आली नाही.

निशिगंध
'दिवास्वप्न'ला अनुमोदन. 'तोत्तोचान' अजून कुणी कसं सुचवलं नाही? जपानमधली, रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा. कोबायाशी गुरुजी पहिल्याच भेटीत त्या चिमुरडीचं बोलणं चार तास ऐकून घेतात, तेवढं एक प्रकरण मी दर वर्षी पालकसभेत वाचून दाखवते. जेवणाच्या डब्यात काहीतरी डोंगराकडचं आणि काहीतरी सागराकडचं आणायचं, हे आमच्या कोळीवाड्यातल्या मुलांना फार आवडलं. सागराकडचं त्यांच्याकडे रोजच असतं, डोंगराकडचं शोधायला त्यांना आठवडा लागला.

बोरिवलीची_आई
मी शिक्षिका नाही, लिहू का? मुलगा इंग्रजी माध्यमात सहावीला आहे. बिल्डिंगमधल्या मुलांशी इंग्रजी, हिंदी फाडफाड बोलतो. पण विज्ञानाच्या पुस्तकातला धडा वाचून त्याला काय कळलं ते सांग म्हटलं तर तीच वाक्यं पाठ म्हणून दाखवतो. परवा बाष्पीभवनाचा धडा होता. इंग्रजीत व्याख्या घडाघडा आली. मी मराठीत विचारलं, पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत का नाहीत रे? तर गॅलरीतल्या दांडीकडे बघून त्यानं मला सगळं समजावलं, हवेत आधीच पाणी भरलेलं असतं वगैरे. म्हणजे त्याला कळत होतं. मग पुस्तकात का अडतं? शाळेत विचारलं तर सांगितलं गेलं, घरीही इंग्रजीच बोला. सासूबाई इंग्रजी बोलत नाहीत. मग त्यांनी नातवाशी बोलायचंच नाही का? मला ह्यावर काही वाचायला हवं आहे, जमलं तर मराठीत किंवा हिंदीत.

नदीकाठ
बोरिवलीताई, तुम्ही अवश्य लिहा. तुमच्या मुलाचं जे होतंय ते जगभर झालेलं आहे आणि त्याला नाव आहे.

जिम कमिन्स हे कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक. त्यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला. मी मराठीत त्याला गप्पांची भाषा आणि पुस्तकाची भाषा म्हणते. गप्पांना आजूबाजूच्या वस्तू, हातवारे, समोरच्याचा चेहरा यांचा आधार असतो, त्यामुळे नव्या भाषेत ती दोनेक वर्षांत येते. पुस्तकाच्या भाषेला असा कुठलाच आधार नसतो. 'त्यामुळे', 'असे असले तरी', 'प्रमाणात' असल्या शब्दांवर सगळा अर्थ तोललेला असतो. ती यायला पाच ते सात वर्षं लागतात. कॅनडात बाहेरून आलेली मुलं इंग्रजी छान बोलतात म्हणून शिक्षक निश्चिंत व्हायचे, आणि मग वर्गात ती मागे पडली की त्यांना मंद ठरवलं जायचं. मुलगा फाडफाड बोलतो ह्यानं फसू नये, ही पहिली गोष्ट.

दुसरी अधिक महत्त्वाची. एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत वापरता येते. कपडे का वाळत नाहीत हे त्याला मराठीत उमगलंय, त्याला आता फक्त इंग्रजी शब्द हवेत. ज्याला कुठल्याच भाषेत उमगलेलं नाही त्याला दोन्ही हवं असतं, आणि ते फार अवघड आहे. म्हणून घरी इंग्रजी बोला हा सल्ला मला उलटा वाटतो. आजीशी बोलणं तोडलंत तर ज्या खांद्यावर तो उभा आहे तोच काढून घ्याल.

वाचायला कृष्णकुमार यांचं 'बच्चे की भाषा और अध्यापक'. छोटंसं आहे, हिंदी सोपी आहे. मुलं भाषेनं काय काय करतात, म्हणजे स्वतःच्या हालचाली ठरवतात, खेळतात, कारणं शोधतात, पुढे काय होईल याचा अंदाज बांधतात, हे त्यांनी साध्या उदाहरणांतून दाखवलंय. ते वाचल्यावर 'गप्प बसा' हे वाक्य तोंडून निघताना जीभ अडखळते. त्यानंतर ओडिशातल्या बहुभाषी शिक्षणाबद्दल जे मिळेल ते वाचा. तिथे २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू झाले. कुई आणि सौरा बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचायला शिकवायचं आणि मग ओडियाकडे न्यायचं, असा तो प्रयत्न. मुंबईत महापालिकेच्याच शाळा आठ माध्यमांच्या आहेत, तरी बहुभाषिकता म्हटलं की आपण अजून अडचण म्हणूनच बोलतो, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोरिवलीची_आई
नदीकाठ, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नातवाला घेऊन गॅलरीत बसल्या होत्या.

मीनल_परळ
'खांद्यावर उभा आहे' हे मी वहीत लिहून घेतलं.

ऐरोलीकर
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शनिवारी कंपनीतर्फे कळव्याच्या एका वस्तीत मुलांना शिकवायला जातो, म्हणून तंत्रज्ञानाच्या बाजूनं लिहितो. आठ वर्षांपूर्वी मी पंचवीस टॅब घेऊन गेलो होतो. आज त्यातले दोन चालतात. तेव्हा माझ्या हातात केंतारो तोयामा यांचं 'गीक हेरेसी' असतं तर बरं झालं असतं. ते बंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राच्या उभारणीत होते. गावोगावच्या शाळांत संगणकाचे प्रयोग केले आणि २०१५ मध्ये हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र जे आहे ते वाढवतं. चांगला शिक्षक, चालणारी शाळा असेल तर तिला बळ मिळतं. जिथे शिकवणंच होत नाही तिथे काहीच वाढत नाही, कारण शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच.

यातलं एक उदाहरण आपल्या दाराशी घडलं आहे. 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' ही जगभर गाजलेली मोहीम भारतात पहिल्यांदा आली ती २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या शाळेत. पेरू देशात तर असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांवर काहीही परिणाम दिसला नव्हता.

याच्या शेजारी मुंबईचा बालसखीचा प्रयोग ठेवून बघा. 'प्रथम' संस्थेनं वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली नेमल्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं आणि त्यांना येतंय तिथपासून सुरू करायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची तपासणी केली, शोधनिबंध २००७ चा. बालसखी असलेल्या शाळांत मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. वडोदऱ्यात त्यांनी आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळही दिले होते. त्यानं गणित चांगलं सुधारलं, भाषेत काही फरक पडला नाही. आणि हेही सांगायला हवं, की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हीकडची बरीचशी कमाई ओसरली. म्हणजे संगणक वाईट आणि ताई चांगली, इतकं ते सरळ नाही. बॅनर्जी आणि डुफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स' २०११ चं आहे, त्यातलं शिक्षणावरचं प्रकरण तुमच्या मंडळात एका बैठकीत वाचून होईल.

गोवंडी_गुरुजी
ऐरोलीकर सर, तुमचं सगळं मान्य करून एक बाजू मांडतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझ्या वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी एकोणीस जणांच्या घरी एक फोन होता, तोही वडील कामावरून आल्यावर हातात येणारा. त्या एकोणीस जणांशी माझा धागा टिकला तो त्या फोनमुळे. बाकीच्या तेवीस जणांना मी दीड वर्षानं पाहिलं. त्यातले चार परत आलेच नाहीत. पुस्तक लिहिणारे म्हणतात यंत्रानं फरक पडत नाही, तेव्हा मला ती तेवीस मुलं दिसतात.

आजही मी फोन वापरतो. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर शेकडो चित्रगोष्टी मराठीत फुकट आहेत, उर्दूतही आहेत. माझ्या शेजारच्या वर्गाचं माध्यम उर्दू, आम्ही तीच गोष्ट दोन्ही वर्गांत घेतो आणि मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना सांगतात. बालभारतीनं 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर ठेवलेत. मराठी विश्वकोशाचे वीसच्या वीस खंड उघडता येतात. ज्या घरात एक पुस्तक नाही त्या घरात फोन आहे. त्या फोनमध्ये काय उघडायचं हे पालकांना कुणी हात धरून दाखवत नाही. मी दाखवतो.

ऐरोलीकर
गुरुजी, तुम्ही दुरुस्ती केलीत ती बरोबर आहे. मी तुटलेल्या टॅबचं दुःख धरून बसलो होतो. ग्रामीण भागातल्या मुलांना किती वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीतही तेच दिसतं. पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता यायचा ती २०१८ मध्ये निम्मी होती, शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ४३ टक्क्यांवर आली. आणि तुम्ही म्हणता तसं हात धरून दाखवणारा माणूस असेल तर यंत्र वाढवतं, हेच तोयामांचंही म्हणणं आहे. युनेस्कोनं २०२३ चा शिक्षणाचा जागतिक अहवाल तंत्रज्ञानावरच काढला, त्याचा सारांश चाळण्यासारखा आहे. हे साधन कुणाच्या अटींवर वर्गात येतंय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे.

सागरगोटा
चर्चा सुंदर चालली आहे. पण प्रामाणिकपणे विचारतो, जागतिक घडामोडी यात कशाला? तिसरीच्या बाईंना त्याचा काय उपयोग?

रेवती_माहीम
सागरगोटा, मी नववी-दहावीला इतिहास शिकवते, मला हाच प्रश्न फार जवळचा आहे. एक तारीख सांगते. १६ जून १९७६. आपल्याकडे शाळा उघडतात तोच आठवडा. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, कारण गणित आणि समाजशास्त्र गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकायची सक्ती त्यांच्यावर झाली होती. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. हेक्टर पीटरसन हा लहान मुलगा त्यात गेला, त्याला उचलून धावणाऱ्या तरुणाचं छायाचित्र जगभर पोचलं. माझ्या वर्गातल्या मुलीनं ते पाहून विचारलं, 'टीचर, माध्यमासाठी?' ती स्वतः पाचवीत मराठीतून सेमी-इंग्रजीत आलेली. तिला त्या एका शब्दाचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नव्हती.

ढाक्याचं २१ फेब्रुवारी १९५२ तसंच. बंगालीसाठी विद्यार्थी मेले, युनेस्कोनं १९९९ मध्ये तो दिवस जागतिक मातृभाषा दिन ठरवला. सहाच दिवसांनी आपला मराठी भाषा गौरव दिन येतो. आम्ही शाळेत दोन्ही दिवस जोडून साजरे करतो.

आणि पुस्तक सुचवायचं तर केनियाचे न्गुगी वा थिओंगो, 'डीकॉलोनायझिंग द माइंड', १९८६. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. लहानपणी त्यांच्या शाळेत गिकुयू ही आपली मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत किंवा गळ्यात 'मी मूर्ख आहे' अशी पाटी अडकवत. पकडायचं कसं? सकाळी एका मुलाच्या हातात एक बटण द्यायचं. जो मातृभाषेत बोलेल त्याला ते पुढे द्यायचं. संध्याकाळी ज्याच्याकडे बटण असेल तो सांगणार मला कुणी दिलं, तो सांगणार त्याला कुणी. अशी दिवसभराची सगळी साखळी उघड व्हायची. मुलांनाच मुलांवर पाळतीला बसवलं. पुढे ह्याच माणसानं गिकुयूत नाटक केलं म्हणून तुरुंग भोगला आणि तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली.

बोरिवलीची_आई
माझ्या भाचीच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड आहे. पैसे गोळा करायला वर्गातलीच एक मुलगी नेमली आहे. मला आजवर हे शिस्तीचं वाटत होतं. रेवतीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

नदीकाठ
बोरिवलीताई, पाच रुपये कधीतरी विसरतील. मैत्रिणीचं नाव सांगावं लागलं ते ती मुलगी विसरणार नाही. पुढच्या पालकसभेत बोला, आणखी दोन पालक बरोबर घेऊन.

खाडीपलीकडे
मीनलताईंच्या कतारच्या मामावरून लिहितो. माझे वडील एकवीस वर्षं आखातात होते, मी भांडुपला आजोळी वाढलो. ते तिकडे का आहेत, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. भूगोलात खनिज तेल हा एक परिच्छेद होता. गिरीश कुबेर यांचं 'एका तेलियाने' मी तिशीत वाचलं. सौदीचे एकेकाळचे तेलमंत्री झाकी यामानी यांच्यावरचं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले, त्या पैशातून वाळवंटात शहरं उभी राहिली आणि ती बांधायला माणसं लागली. माझे वडील त्या माणसांपैकी एक. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या पासपोर्टवरचे शिक्के कसे पडले ते मला त्या पुस्तकात सापडलं. मुलांना हे सांगायचं तर नकाशा समोर ठेवावा. होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी चाळीस किलोमीटरांहून कमी आहे. तिथे जहाजं अडली तर आपल्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरचे पैसे यायचे थांबतात, हे मुलांना लगेच कळतं.

मुख्याध्यापक_निवृत्त
सगळे प्रतिसाद वाचले. माझी एक तक्रार आहे. ही सगळी पुस्तकं मुलांच्या बाजूनं बोलतात, ते योग्यच. पण मुलाला काही येत नसताना पुढच्या वर्गात ढकलत नेणं हा त्याच्यावर अन्याय नाही का? मी एकोणीस वर्षं नापासांच्या याद्यांवर सही केली. ती मुलं पुन्हा त्या वर्गात बसून शिकलीही.

मीनल_परळ
सर, तुमच्याशी वाद घालायची माझी छाती नाही, पण म्हणूनच 'प्रिय बाई' आम्ही यादीत घेतलं आहे. इटलीत फ्लोरेन्सजवळच्या डोंगरातलं बार्बियाना नावाचं गाव. शाळेनं नापास करून काढलेली शेतकऱ्यांची पोरं आणि त्यांना वर्षाचे सगळे दिवस शिकवणारे डॉन मिलानी नावाचे पाद्री. त्यातल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं, १९६७ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि महिन्याभरात मिलानी वारले. त्या मुलांनी नुसता राग काढलेला नाही. सरकारी आकडे मिळवून, नापास कोण होतं, कुणाच्या बापाचा धंदा काय, ह्याचे तक्ते मांडले. डॉक्टरचा मुलगा जवळजवळ नापास होत नाही, शेतमजुराचा होतो.

२०१९ पासून पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवायची मुभा कायद्यानं राज्यांना दिली आहे, आपल्याकडेही तशी परीक्षा सुरू झाली. त्यामुळे हे पुस्तक मला जुनं वाटत नाही. मीही माझ्या मागच्या पाच वर्षांच्या हजेरीपटांतून तसा तक्ता केला. कच्चं राहिलेल्यांपैकी बहुतेक घरं त्या वर्षात बदलली होती, भाडं परवडेना म्हणून किंवा बिल्डिंग पाडली म्हणून. मुलाला पुढे ढकलावं की मागे ठेवावं, ह्या प्रश्नाआधी मला त्या तक्त्याकडे बघावं लागलं. तुम्ही सही केलेल्या याद्या अजून असतील तर आपण त्या एकत्र बसून बघू. तुम्ही याल का?

मुख्याध्यापक_निवृत्त
येतो. वह्या माळ्यावर आहेत, काढतो.

खिडकीपाशी
मी नवीन शिक्षिका आहे, शिवडीला. मला दुसरी मिळाली आहे. मीही येऊ का?

मीनल_परळ
नक्की ये. शनिवारी तीन वाजता, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. आधी 'दिवास्वप्न'चा पहिला दिवस वाचू, तो जुनी_पानं काका वाचणार आहेत. मग तुझ्या वर्गासाठी पट्ट्या कापायला घेऊ, पुठ्ठा माझ्याकडे आहे, येताना जाड टोकाची स्केचपेनं आण. गुरुजी, तुम्ही फोनवर त्या चित्रगोष्टी उघडून दाखवा, आमच्यातल्या निम्म्या जणींना ते माहीत नाही. 'प्रिय बाई' पुढच्या महिन्यात, सरांच्या वह्यांसकट.

आणि बोरिवलीताई, सासूबाईंना घेऊन या. लेकाचं विज्ञानाचं पुस्तकही पिशवीत टाका. बाष्पीभवनाचा धडा आधी आजी त्यांच्या शब्दांत सांगतील, मग आपण इंग्रजी पान उघडू.